जुन्या दारा-खिडक्यांवरचा शिशाचा सफेदा: खरवडण्याआधी काय तपासायचं आणि खरवडायचाच झाला तर कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात पेठेतला, साधारण 1930च्या सुमारास बांधलेला वाडा. सागवानी दारा-खिडक्यांवर ऑइलपेंटचे सात-आठ थर, सगळ्यांत खालचा पांढरा. खिडक्यांच्या कडांना पोपडे सुटलेत. रंगारी म्हणतो, दोन दिवस घासायचं मशिन लावतो, लाकूड उघडं करतो, वर सफेदा मारतो आणि मग नवा रंग. घरात दीड वर्षाचा नातू आहे आणि सुनेला पाचवा महिना आहे. खालचा पांढरा थर शिशाचा असेल का, असला तर इतक्या वर्षांनी तो बाधतो का, आणि रंगाऱ्याने आणलेला सफेदा कसला, असं तुम्ही विचारलंय.

आधी मशिन थांबवा. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

त्या काळच्या लाकडावरचा पहिला पांढरा थर शिशाचा असण्याची शक्यता बरीच आहे. शिसं उडून जात नाही, कुजत नाही, त्याची ताकद ओसरत नाही. नव्वद वर्षांपूर्वी जितकं लावलं तितकं आजही त्याच जागी आहे. पण लाकडाला घट्ट धरून बसलेला, वरून चार थरांनी झाकलेला रंग कुणाच्या पोटात जात नाही. पोटात जाते ती धूळ, आणि धूळ आपण करतो. जुन्या घरांमध्ये मुलांच्या रक्तात शिसं एकदम वाढतं ते बऱ्याचदा घराची डागडुजी काढली त्या महिन्यात.

हा पांढरा रंग म्हणजे शिशाचा क्षारीय कार्बोनेट. वजनाच्या 80 टक्के नुसतं शिसं. जुनी डच पद्धत अशी होती: मातीच्या भांड्यात तळाला व्हिनेगर, वर शिशाच्या पातळ पट्ट्यांची गुंडाळी, आणि अशी शेकडो भांडी घोड्याच्या लिदीत किंवा कातडी कमावून उरलेल्या सालींत थरावर थर रचून बंद करायची. लीद कुजताना ऊब आणि कार्बन डायऑक्साइड देते, व्हिनेगरच्या वाफेने शिशाचा ॲसिटेट होतो आणि कार्बन डायऑक्साइडने त्याचा पांढरा कार्बोनेट. तीनएक महिन्यांनी उघडलं की पट्ट्यांवर पांढरी खपली धरलेली असायची. ती झटकायची, दळायची, धुवायची आणि जवसाच्या तेलात घोटायची. झटकणं आणि दळणं करणारे कामगार आजारी पडत, हे शतकानुशतकं माहीत होतं.

तरीही लोकांनी तो सोडला नाही, कारण रंग म्हणून तो खरोखर उत्तम होता. जवसाच्या तेलाबरोबर शिशाचा साबण तयार होतो, त्यामुळे थर लवकर वाळतो, चिवट होतो आणि लाकूड फुगलं-आकसलं तरी तडकत नाही. तेल कमी लागतं. पाणी आत शिरत नाही. जस्ताचा सफेदा जास्त शुभ्र असतो, पण त्याचा थर ठिसूळ, लाकूड हललं की चिरा पडतात. म्हणून बाहेरच्या लाकडाला आणि लोखंडाला शिशाचाच आग्रह असायचा. चित्रकारांनाही तेलरंगात तो हवा असायचा. जलरंगात मात्र तो उघडा पडतो आणि हवेतल्या गंधकाने काळवंडतो, म्हणून 1834मध्ये इंग्लंडमध्ये जस्ताचा ‘चायनीज व्हाइट’ बाजारात आला. तेलरंगात आजही कुणी शिशाचा पांढरा वापरत असेल तर ट्यूबमधलाच वापरावा, कोरडी पूड घरी घोटू नये, आणि ब्रशचं टोक ओठांनी जुळवण्याची सवय असेल तर ती आजच सोडावी.

धोका कळायला उशीर झाला असंही नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधले डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी 1904मध्येच मुलांच्या शिसे-विषबाधेचं मूळ व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यांत आहे असं लिहिलं होतं. उन्हाने रंगाची भुकटी होते, मुलं कठडा धरून उभी राहतात आणि तेच हात तोंडात जातात. 1921मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरांच्या आतल्या रंगकामात शिशाच्या सफेद्यावर बंदी घालणारा करार केला. अमेरिकेत शिशाच्या घरगुती रंगांवर बंदी 1978ला आली. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग शिसं) सक्तीची मर्यादा 2016च्या नियमांनी आली आणि 1 नोव्हेंबर 2017पासून लागू झाली. म्हणून वाडा 1930चा असला तरी फक्त तळाचाच थर संशयित धरू नका. मधले पिवळे, केशरी, हिरवे थर शिशाच्या क्रोमेटचे असू शकतात, आणि असे रंग अगदी अलीकडेपर्यंत सर्रास विकले जात होते.

आता आकडे बघा, म्हणजे मशिन का थांबवायचं ते लक्षात येईल. ब्रशने मारलेला शिशाच्या सफेद्याचा एक थर वाळल्यावर 40 मायक्रॉन धरू, म्हणजे मिलिमीटरचा पंचविसावा भाग. एक चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर, या थराचं वजन साधारण 12 मिलिग्रॅम भरतं. त्यात 80 टक्के रंगद्रव्य, आणि रंगद्रव्यात 80 टक्के शिसं. म्हणजे नखाएवढ्या पोपड्यात एकाच थरामागे 7 ते 8 मिलिग्रॅम, अर्थात 7,000 मायक्रोग्रॅमच्या वर शिसं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लहान मुलांच्या आहारातून दिवसाला 2.2 मायक्रोग्रॅम ही लक्ष ठेवण्याची पातळी धरली आहे, गरोदरपणाच्या वयातल्या स्त्रियांसाठी 8.8. पोटात गेलेलं सगळं शिसं रक्तात जात नाही हे खरं. पण मोठ्या माणसात दहाएक टक्के किंवा त्याहून कमी शोषलं जातं, तर लहान मुलांत 40 ते 50 टक्क्यांपर्यंत.

धुळीचा हिशोब याहून भयंकर आहे. एक चौरस फूट लाकडावरचा असा एकच थर मशिनने घासून त्याची पूड केली तर सुमारे 7 ग्रॅम शिसं मोकळं होतं. ती पूड दहा बाय दहाच्या खोलीत सारखी बसली असं धरलं तर फरशीच्या प्रत्येक चौरस फुटावर 70,000 मायक्रोग्रॅम शिसं पडतं. अमेरिकेने 2019मध्ये फरशीवरच्या धुळीसाठी ठरवलेली मर्यादा होती चौरस फुटाला 10 मायक्रोग्रॅम. खिडकीचं एक झडप सहा-सात चौरस फुटांचं असतं, आणि तुमच्या झडपांवर थर सात-आठ आहेत.

कुठे शोधायचं तेही सांगतो. वाड्याच्या भिंतींना चुन्याची सफेदी असायची, तिच्यात शिसं नसतं. ओल्या बोटाला पांढरं लागतं आणि पाण्याने सुटतं तो चुना. शिसं असतं ते तेलाच्या रंगात: दारं, चौकटी, खिडक्यांची झडपं, गज, कठडे, जिन्याचे हात, लोखंडी पलंग, जुना पाळणा. पाळण्याकडे आधी बघा, त्याच्या कडेवर मुलाचे दात लागतात, आणि शिशाचे काही क्षार चवीला गोडसर असतात. लोखंडी गजांखाली केशरी अस्तर दिसलं तर ते शेंदराचं, म्हणजे शिशाच्याच लाल ऑक्साइडचं असू शकतं. विटकरी ‘रेड ऑक्साइड’ प्रायमरचा लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा असतो. केशरी आणि विटकरी यांतला फरक दिवसाच्या उजेडात डोळ्यांना कळतो.

नुसत्या नजरेने पांढरा रंग शिशाचा आहे की नाही हे ठरवता येत नाही. मोरीजवळचा थर करडा पडलाय, हाताला पावडर लागते, चौकोनी भेगा पडल्यात, या सगळ्या खुणा संशय वाढवतात, पण खात्री देत नाहीत. घरी करण्यासारखी एक जुनी चाचणी आहे, सोडियम सल्फाइडची. बाजारात मिळणाऱ्या पिवळसर पापड्या साधारण 60 टक्क्यांच्या असतात, त्या 10 ग्रॅम घेऊन 100 मिलिलिटर पाण्यात विरघळवा, की 6 टक्क्यांचं द्रावण होतं. हातमोजे आणि चष्मा लावा, खिडकी उघडी ठेवा, सडक्या अंड्यासारखा वास येईल. हे द्रावण व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुण्याच्या ॲसिडच्या जवळपासही नेऊ नका, ॲसिड मिसळलं की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो.

सहज दिसणार नाही अशा जागी, बिजागरीजवळ वगैरे, धारदार कटरने इंग्रजी व्ही आकाराची तिरपी खाच पाडा, लाकूड दिसेपर्यंत. तिरप्या कापामुळे थर रुंद दिसतात. दहापट भिंगातून बघितलं तर झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे मोजता येतात: वरचा चॉकलेटी, त्याखाली हिरवा, पुन्हा हिरवा, मग मळका पिवळट, आणि लाकडाला चिकटलेला पांढरा. त्यावर द्रावणाचा एक थेंब सोडा आणि पाच मिनिटं थांबा. शिसं असेल तर पांढरी रेघ आधी करडी आणि मग काळी होते, कारण शिशाचा सल्फाइड काळा असतो. जस्ताचा सल्फाइड पांढराच असतो आणि नव्या रंगांतल्या टायटॅनियमच्या पांढऱ्यावर काही परिणाम होत नाही, म्हणून ते दोन्ही तसेच राहतात. एकच रेघ काळी पडून शेजारच्या पांढऱ्याच राहिल्या, हे दिसलं की शंका उरत नाही.

या चाचणीच्या मर्यादाही समजून घ्या. शिसं साधारण अर्ध्या टक्क्याच्या वर असेल तरच रंगबदल नीट दिसतो. 90 पीपीएम म्हणजे 0.009 टक्के, तेवढं हिला कळत नाही. गडद थरांवर काळेपणा दिसत नाही, आणि लोखंड-तांब्याचे अंश असले तर शिसं नसतानाही काळं येतं. लाल-गुलाबी रंग देणाऱ्या तयार काड्या मिळतात, त्यांचंही असंच आहे. काळं आलं तर शिसं धरून चाला, नाही आलं तर निश्चिंत होऊ नका. तुमच्या घरात लहान मूल आणि गरोदर बाई आहे, म्हणून पुढची पायरी टाळू नका: सगळे थर येतील पण लाकूड येणार नाही असे एक-दोन ग्रॅम पोपडे, प्रत्येक खोलीचे वेगळे, झिपच्या पिशवीत भरून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या आणि ‘एकूण शिसं’ तपासायला सांगा. उत्तर पीपीएममध्ये किंवा मिलिग्रॅम प्रति किलोत येतं, दोन्ही एकच. 5,000च्या वर आलं तर अमेरिकेच्या व्याख्येप्रमाणे तो पुरता शिशाचा रंग. त्याखाली आलं तरी कोरडं घासणं नकोच. लाकूड न खरवडता क्ष-किरणांनी तपासणारं एक्सआरएफ यंत्र मिळालं तर फारच चांगलं. त्यात आकडा चौरस सेंटिमीटरला मिलिग्रॅममध्ये येतो आणि 1च्या वर गेला की शिशाचा रंग.

शिसं निघालं म्हणून सगळं खरवडायलाच हवं असं नाही, आणि इथेच बहुतेक घरांत चूक होते. जिथे रंग घट्ट आहे आणि काही घासत नाही, उदाहरणार्थ चौकटीचा दर्शनी भाग, तुळयांच्या बाजू, उंचावरच्या महिरपी, तिथे जुना रंग तसाच ठेवून वरून झाकणं हा सर्वांत सुरक्षित मार्ग. वर नवा थर धरेल का हे आधी बघायचं: कटरने दोन-तीन मिलिमीटरवर उभ्या-आडव्या रेघा मारा, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकोन पट्टीबरोबर निघाले तर खालचे थरच सुटलेत, वर कितीही चांगला रंग मारला तरी सगळं एकत्र सोलून येणार. चौकोन जागच्या जागी राहिले तर साबणाच्या पाण्याने पुसा, 220 नंबरच्या वॉटर पेपरने ओलं ठेवूनच चकाकी मोडा, पुसून घ्या, प्रायमर आणि दोन हात नवा रंग.

जिथे लाकडावर लाकूड घासतं तिथे मात्र झाकून उपयोग नाही. झडपाची कड आणि चौकट, उंबऱ्याला टेकणारी दाराची खालची बाजू, सरकती फळी. दर उघड-झापीला तिथून पूड पडते, आणि ती नेमकी खिडकीच्या फळीवर साठते, जिथे नातू हात टेकून रस्ता बघतो. अशा जागांचा रंग काढायचाच. पावसाळ्यात दार फुगलं की सुतार येऊन रंधा मारतो, ती सालपटं म्हणजे शिशाच्याच चकत्या असतात. रंग ठेवला असेल तर त्या दाराला कोरडा रंधा लावू द्यायचा नाही.

काढायचा कसा? सुनेला आणि नातवाला काम सुरू होण्याआधी माहेरी पाठवा आणि शेवटची सफाई होईपर्यंत आणू नका. ‘वरच्या मजल्यावर राहतील’ हे चालत नाही, धूळ जिन्याने जाते. झडपं बिजागऱ्यांतून उतरवून एकाच खोलीत किंवा आडोशाला काम करा. त्या खोलीतलं सामान बाहेर, जे हलत नाही ते प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. खाली 150 मायक्रॉनचं जाड प्लास्टिक, कामाच्या जागेपासून चहूकडे किमान सहा फूट, अंगणात असेल तर दहा फूट. कडा टेपने चिकटवा. दारावर प्लास्टिकचा पडदा. पंखा बंद, कूलर बंद.

फवाऱ्याच्या बाटलीत लिटरभर पाणी आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब घ्या. साबणामुळे पाणी रंगावरून ओघळत नाही, भेगांत शिरतं. हात-दीड हात जागा भिजवा, दोन मिनिटं थांबा, पत्रीने खरवडा. सुकत आली की पुन्हा फवारा. पत्रीला सतत धार हवी, बोथट पत्री रंग उचलत नाही, कुटते. उरलेलं 120च्या वॉटर पेपरने, तेही ओलंच. लाकडाचे रेषे उभे राहतात आणि काम सावकाश होतं, म्हणून रंगारी कंटाळतात. त्याला रोजावर ठेवा, अंगावर काम देऊ नका. उक्तं काम दिलं की घाई होते, आणि घाई झाली की मशिन बाहेर येतं.

जाड थरांसाठी हीट गन चालते, पण रंग नुसता मऊ होऊन फुगेल इतपतच. धूर दिसला की तापमान जास्त झालंय. अमेरिकेच्या नियमांत सुमारे 590 अंश सेल्सिअसच्या वरच्या हीट गनला मनाई आहे, त्याच्या बरंच खाली राहा. ब्लो लॅम्प अजिबात नको. ज्योतीखाली शिशाचा धूर होतो, तो दिसतही नाही आणि फुफ्फुसातून जवळजवळ पुरा रक्तात जातो. शिवाय जुन्या वाड्याचं वाळकं सागवान आणि मागची पोकळी, आग आत धुमसत राहते. कॉस्टिक सोड्याचा लेप सागाला काळा पाडतो, सरसाचे सांधे सोडवतो आणि शिसं स्वतःत विरघळवून घेतो, म्हणजे मोरीत जाणारं पाणीच विषारी. लाकडात मुरलेला सोडा नव्या रंगाचा साबण करतो आणि सहा महिन्यांत फोड येतात. दुकानातल्या बऱ्याच पेंट रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन असतं, ते बंद खोलीत माणसाला बेशुद्ध करू शकतं. कोरीव नक्षीसाठी वापरायचंच तर उघड्यावर, थोडंथोडं, आणि निघालेला लगदा पत्रीने ओलाच उचलून पिशवीत.

रंगाऱ्याच्या जिवाचाही विचार करा. कापडी रुमालाने शिशाची धूळ थांबत नाही. गालाला घट्ट बसणारा रबरी अर्धमुखवटा आणि पी100 किंवा पी3 फिल्टर हवा, दाढी असेल तर तो नीट बसत नाही. कामाचे कपडे वेगळे ठेवायचे, तिथेच उतरवायचे, वेगळे धुवायचे. तेच घालून तो घरी गेला तर त्याच्या मुलांच्या अंथरुणावर शिसं जातं. कामाच्या जागी तंबाखू, विडी, चहा, डबा नाही. तंबाखू मळणारा हात हा शिसं तोंडात नेणारा सर्वांत सोपा रस्ता आहे. हात साबणाने कोपरापर्यंत धुतल्याशिवाय काही खायचं नाही. कारखान्यांसाठीच्या कायद्यात शिसे-विषबाधा हा कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे, पण घरोघरी काम करणाऱ्या रंगाऱ्याकडे बघायला कुणी येत नाही. ती काळजी काम देणाऱ्यानेच घ्यायची.

रोजचं काम संपलं की प्लास्टिकवर पाणी फवारा, आतल्या बाजूला गुंडाळा, दुहेरी पिशवीत घालून तोंड बांधा. झाडू मारू नका. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनरही नको, तो बारीक धूळ मागून पुन्हा खोलीत फेकतो. हेपा फिल्टरचा (अगदी बारीक धूळही अडवणारा) व्हॅक्यूम भाड्याने मिळाला तर तोच, नाहीतर ओल्या फडक्याने दोन बादल्यांची पद्धत: एकीत साबणाचं पाणी, दुसरीत फडकं पिळायला साधं. वरून खाली या, आधी महिरपी आणि वरच्या कडा, मग खिडकीची फळी, शेवटी फरशी. खोलीगणिक पाणी बदला, फडकी फेकून द्या. दुसऱ्या दिवशी, हवेतली धूळ बसल्यावर, पुन्हा एकदा सगळं. गाद्या, गोधड्या, गालिचे कामाच्या खोलीत राहिले असतील तर त्यांतली धूळ पूर्ण निघत नाही.

निघालेला रंग आणि रंगाचं लाकूड कुठे टाकायचं हे आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे, कारण जुन्या चौकटीचे तुकडे बंबात जातात, होळीत जातात. रंगवलेलं लाकूड जाळू नका. त्या धुरात शिसं असतं आणि मागे उरलेल्या राखेत तर ते एकवटतं. तीच राख भांडी घासायला किंवा कुंडीत घातली जाते. पोपडे अंगणात पुरू नका, तुळशीपाशी टाकू नका, फवाऱ्याचं पाणी झाडांना घालू नका. पिशव्यांवर ‘शिशाचा रंग’ असं लिहून महापालिकेच्या घरगुती घातक कचऱ्यात द्या.

आता रंगाऱ्याने आणलेला सफेदा. आज या नावाने मिळतं ते बहुधा जस्ताचं ऑक्साइड किंवा चॉक पावडर आणि टायटॅनियमचं मिश्रण, पण ‘सफेदा’ हे नाव कशालाही लागतं. डब्यावर उत्पादकाचं नाव, उत्पादनाची तारीख आणि शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नाही असा मजकूर नसेल तर तो डबा परत करा. हा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे, औद्योगिक रंगांना तो लागू नाही. म्हणून यंत्रांचा किंवा गाड्यांचा इनॅमल ‘जास्त टिकतो’ म्हणून खिडकीच्या गजांना लावू देऊ नका, विशेषतः पिवळा, केशरी, लाल, हिरवा. लांबी भरायला आणलेल्या सुट्ट्या पुडीलाही हेच लागू. आणि नव्या डब्यावरचा ‘लेड-फ्री’ शिक्का फक्त त्या डब्याबद्दल बोलतो, खालच्या सात थरांबद्दल नाही.

याच नावाचा आणखी एक सफेदा प्लंबरकडे असतो, नळाच्या आट्यांवर ताग गुंडाळून वर लावायचा. पूर्वी तो शिशाचा असायचा. पिण्याच्या पाण्याच्या जोडाला तो लावू देऊ नका, टेफ्लॉन टेप किंवा पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित केलेलं पेस्ट वापरा.

शेवटचं, आणि मशिन थांबवल्यानंतर लगेच करायचं: रक्ततपासणी. पोपडे आधीपासून सुटलेत, म्हणजे संपर्क कदाचित सुरूच आहे. नातू, सून, आणि काम करणारा रंगारी या तिघांच्या रक्तातलं शिसं बघा. शिरेतून काढलेलंच रक्त द्या, बोट टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळून आकडा खोटा वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या मार्गदर्शनाप्रमाणे डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं की कुठून येतंय ते शोधून बंद करायचं. अमेरिकेत मुलांसाठी 3.5ला लक्ष घालतात. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांत 45 किंवा वर गेलं तर शिसं बाहेर काढणारी औषधं देण्याची शिफारस आहे, ती तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्याखालच्या आकड्यांना मुख्य उपाय स्रोत बंद करणं हाच आहे, ‘शरीरशुद्धी’चे काढे देऊ नका.

मूल वरून ठणठणीत दिसतं म्हणून तपासणी टाळू नका. पोटदुखी, बद्धकोष्ठ, चिडचिड, फिकटपणा ही लक्षणं उशिरा येतात, आणि जंत किंवा दात येणं म्हणून सोडून दिली जातात. बुद्धीवर, एकाग्रतेवर होणारा परिणाम त्याआधीच सुरू होतो आणि तो परत भरून येत नाही. मोठ्यांत रक्तदाब आणि मूत्रपिंडावर परिणाम होतो, हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ येते, फार झालं तर मनगट लुळं पडतं. रक्तातलं शिसं महिनाभरात निम्म्यावर येतं, पण हाडांत शिरलेलं दहा-वीस वर्षं राहतं. गरोदरपणात बाळासाठी हाडांतला कॅल्शियम सुटतो, त्याबरोबर तेही सुटून वारेतून बाळाकडे जातं. म्हणून सुनेच्या प्रसूतितज्ज्ञांना हा सगळा प्रकार सांगा. कॅल्शियम आणि लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं, तेव्हा हिमोग्लोबिन त्याच वेळी बघा, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चुकवू नका, आहारात दूध आणि नाचणी असू द्या. उपाशी पोटी शिसं अधिक शिरतं, म्हणून मुलाला वेळच्या वेळी भरवा.

आकडा जास्त आला आणि रंगात शिसं निघालं नाही, तर घरात आणखी काही बघा: जुन्या धाटणीचा सुरमा, नागभस्म (शिशाचं भस्म) असलेली औषधं, देव्हाऱ्यातला शेंदूर. शेंदूर मारुतीला, गणपतीला लावायचा तो लावा, पण मूर्तीवरून ओघळलेलं तेल किंवा पाणी तीर्थ म्हणून घेऊ नका, मुलाच्या कपाळाला शेंदराचं बोट लावू नका आणि पुडी त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

काम आटोपून दुसरी सफाई झाली की खिडकीची फळी आणि त्याखालची फरशी यांवरच्या धुळीचे पुसून घेतलेले नमुने प्रयोगशाळेत द्या. पुसायच्या जागेचं माप नमुन्याबरोबर लिहायचं असतं, फूट बाय फूट चौकोन टेपने आखून घ्या. आकडा चौरस फुटाला 10 मायक्रोग्रॅमच्या आत आला की घरच्यांना बोलवा, नाही आला तर पुन्हा पुसा आणि पुन्हा तपासा. नातवाचं रक्त घरी परतल्यावर सहा आठवड्यांनी पुन्हा बघा, आणि खिडक्यांच्या फळ्या तोवर दर दोन दिवसांनी ओल्या फडक्याने पुसत राहा.